पश्चिमेला वळवलेली मुळा

मुळा ही मुळात मोठी नदी नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, ताम्हिणीच्या आसपासच्या डोंगरांत तिचे ओढे जमतात. तिथून ती पौडवरून उतरते, वाकड, बालेवाडी, औंध ओलांडते, दापोडीला पवनेला पोटात घेते आणि पुण्यात संगमावर मुठेला भेटते. पुढे दोघींचं पाणी भीमेला, भीमेचं कृष्णेला आणि कृष्णेचं बंगालच्या उपसागराला जातं. भूगोलाच्या पुस्तकात नकाशा असाच काढलेला असतो. पण ज्या मुलखात मुळेवर सगळ्यात जास्त पाऊस कोसळतो, तिथलं बहुतेक पाणी हा प्रवास करतच नाही. मुळशी धरणाच्या भिंतीआड ते अडतं, डोंगर फोडून काढलेल्या वाटेने पश्चिमेला जातं, सुमारे ५०० मीटर खाली रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे चक्रं फिरवतं आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळतं. शंभर वर्षांपूर्वी या वळणावरून एक लढा झाला. शेतकरी त्यात हरले. ते कसे हरले, हे नीट पाहिलं पाहिजे, कारण त्यांना एकट्या धरणाच्या भिंतीने हरवलेलं नाही.

खाचर, वरकस आणि राब

मुळा आणि तिला येऊन मिळणारी निळा, या दोन नद्यांचं खोरं तेव्हा मुळशी पेट्यात मोडत होतं. पेटा म्हणजे तालुक्याहून लहान महसुली विभाग. हा पेटा हवेली तालुक्याखाली होता आणि त्याचं ठाणं पौडला होतं. कोरीगड, घनगड, तैलबैला, कैलासगड अशा गडकोटांनी वेढलेला हा मावळचा पट्टा. माणसं बहुतांश मावळे शेतकरी आणि त्यांच्यासोबत गावगाड्यातल्या इतर जाती, शिवाय डोंगरउतारावर धनगर आणि कातकरी.

पीक भाताचं, तेही आंबेमोहोराचं. मुळशी-मावळातल्या आंबेमोहोराला पुण्याच्या बाजारात मान होता. पण भात पिकवणारं खाचर आपोआप होत नाही. उताराच्या जमिनीवर आधी ताली घालायच्या, दगड वेचायचे, माती धरून ठेवायची, दर पावसाळ्याने फोडलेला बांध दर उन्हाळ्यात पुन्हा बांधायचा. असं दोन-तीन पिढ्यांनी केलं की एक चांगलं खाचर उभं राहतं. आजोबाने घातलेल्या बांधाचं भात नातवाच्या ताटात पडतं.

खाचराला आधार असतो तो वरकस जमिनीचा. वरच्या उतारावरची ही हलकी जमीन. तिच्यावर नाचणी, वरी घ्यायची. फेब्रुवारीपासून शेतकरी जवळच्या झाडांचा टहाळ तोडतो, वाळला पाला गोळा करतो. रोपं करायच्या जागेवर शेण, टहाळ, गवत असे थर पसरतो, वरून बारीक माती टाकतो आणि वारा पाहून पेटवतो. हा राब. भाजलेल्या जमिनीत तण मरतं, राखेने माती भुसभुशीत होते. मृगाच्या पावसात तिथे भाताचा तरवा उगवतो. तीन-चार आठवड्यांत रोपं हाताच्या मापाची झाली की खाचरात चिखलणी होते, आणि इरली पाठीवर घेतलेल्या बायका ओळीने वाकून आवणी करतात. म्हणजे खाचराला राब लागतो, राबाला वरकसावरचं झाड लागतं, नांगराला बैल लागतो आणि बैलाला माळावरचं गवत लागतं. यातलं एक काढून घेतलं तर बाकीचं टिकत नाही. मोबदल्याच्या तक्त्यात मात्र प्रत्येक जमिनीची वेगळी किंमत लावलेली असते. घर पाण्याच्या रेषेच्या वर राहिलं, म्हणून घर वाचलं असं या खोऱ्यात कधीच म्हणता येणार नव्हतं.

मुंबईच्या गिरण्या आणि घाटमाथ्याचा पाऊस

घाटमाथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि काही कोसांवर डोंगर एकदम कोकणात तुटतो. माथ्यावर पाणी अडवून नळांतून कड्याखाली सोडलं तर त्या पडण्यातून वीज मिळते. मुंबईच्या गिरण्या तेव्हा दूरवरून येणाऱ्या कोळशावर आणि वाफेवर चालत. जमशेटजी टाटांच्या हयातीतच या विजेचा विचार सुरू झाला होता. १९०४ साली ते गेले आणि काम त्यांच्या मुलांनी पुढे नेलं. १९१० साली टाटांची पहिली जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले गेले आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईकडे वीज निघाली. पाठोपाठ आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आणि भिवपुरीचं वीजघर यांची योजना आली. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. तिची नजर होती मुळा-निळेच्या संगमावर.

या योजनांकडे शिकलेल्या मराठी माणसाने अभिमानाने पाहिलं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत जी पिढी वाढली, तिच्या दृष्टीने हिंदी भांडवलावर उभा राहिलेला कारखाना म्हणजे स्वराज्याचा पाया होता. मुळशीचा पेच त्यातूनच तयार झाला. समोर नुसता गोरा अंमलदार असता तर बाजू निवडणं सोपं गेलं असतं. इथे एका बाजूला स्वदेशी उद्योग होता आणि दुसऱ्या बाजूला स्वदेशी शेतकरी. सरकार या वेळी उद्योगाच्या पाठीशी उभं होतं आणि त्याच्या हातात कायदा होता.

१८९४चा कायदा

जमीन घेण्यासाठी कंपनीला शेतकऱ्याच्या दारात जाऊन सौदा करायची गरज नव्हती. १८९४च्या भूसंपादन कायद्याच्या सातव्या भागात कंपन्यांसाठी जमीन घेण्याची सोय होती. कंपनीने सरकारशी करार करायचा, काम लोकोपयोगी आहे याची सरकारने स्वतःचीच खात्री करून घ्यायची आणि अधिसूचना काढायची. शेतकऱ्याला मोबदल्याच्या आकड्यावर तक्रार करता येत होती. जमीन द्यायची की नाही, हा प्रश्न कायदा त्याला विचारतच नव्हता.

पन्नासहून अधिक गावं आणि दहा-अकरा हजार माणसं या योजनेच्या कक्षेत येत होती. त्यांना ती कळली ती कुदळीच्या आवाजातून. संपादन होण्याआधीच चाचणीसाठी शेतात चर खणायला सुरुवात झाली. एका शेतकऱ्याने आपल्या शेतातलं हे खोदकाम अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा कामावरच्या गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, असं या लढ्याच्या इतिहासात नोंदलेलं आहे. पेट्यात संतापाची पहिली ठिणगी त्यातून पडली.

सातबाऱ्यावर कोणाचं नाव होतं

पुढचं समजायचं असेल तर या खाचरांचे कागद पाहिले पाहिजेत. पुणे जिल्ह्यात सावकारीचा प्रश्न जुना. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि दख्खनचे दंगे उसळले. १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देण्यासाठी सरकारने कायदा केला. पण गहाणवटीचा व्यवहार थांबला नाही. रोख सारा, लग्नकार्य, बैल मेला, पाऊस चुकला, अशा प्रत्येक निमित्ताने जमीन थोडी थोडी कागदावरून सरकत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुळशी पेट्यातली बरीच चांगली भातजमीन पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती आणि त्यातले अनेक ब्राह्मण होते. जो मावळा ते खाचर कसत होता, तो कागदावर कूळ होता. खंड देऊन उरलं तर त्याचं.

पुण्यातल्या सावकाराला जमीन म्हणजे उत्पन्न. त्याचे पैसे मिळाले की दुसरीकडे गुंतवता येतात. कुळाला तीच जमीन म्हणजे राहणं, खाणं, जात-गोत, देव आणि पुढच्या वर्षीचं बियाणं. मोबदला मिळणार होता तो कागदावर नाव असलेल्याला. म्हणून ‘जमीन वाचवा’ असं दोघांनी एका सुरात म्हटलं, तरी दोघांना वाचवायची होती ती गोष्ट एक नव्हती. सुरुवातीला हा फरक कोणाच्या लक्षात आला नाही.

रामनवमी, १९२१

लढ्याची मोट पहिल्यांदा बांधली ती पुण्याचे तरुण काँग्रेस कार्यकर्ते विनायकराव भुस्कुटे यांनी. त्यांनी पेट्यात हिंडून गावोगावच्या माणसांना योजनेचा अर्थ सांगितला, सभा घेतल्या. पुढे या सत्याग्रहाचा इतिहासही त्यांनीच लिहून ठेवला. तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केलं. पुण्यातले टिळकांचे अनुयायी गांधींच्या वाटेने जावं की नाही, अशा द्विधेत होते. अशा वेळी शहराच्या उशाशीच कायदा मोडायला तयार असलेले शेतकरी उभे राहिले. ‘केसरी’ने त्यांची बाजू मांडली. सभांतून शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचं स्मरण झालं, शपथा झाल्या आणि एक घोषणा ठरली: जान किंवा जमीन.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास मावळे, त्यांत बायका आणि मुलंही, धरणाच्या पायाच्या जागी जाऊन बसले. कोणी हत्यार आणलं नव्हतं. जिथे कुदळ पडायची, तिथे माणूस बसला होता. मजुरांना काम करता येईना. खोदकाम थांबलं.

याच दिवसांत पांडुरंग महादेव बापट या लढ्याच्या अग्रभागी आले. पारनेरला १८८० साली जन्मलेला हा माणूस शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेला होता. तिथे राजकीय भाषणांमुळे शिष्यवृत्ती गेली, मग पॅरिसला जाऊन त्याने बाँब तयार करण्याची विद्या मिळवली. हिंदुस्थानात परतल्यावर काही वर्षं भूमिगत काढली. असा क्रांतिकारक आता हात जोडून खड्ड्यात बसलेल्या शेतकऱ्यांत येऊन राहिला, त्यांच्यासाठी पदं रचू लागला, त्यांच्या तुकड्या बांधू लागला. ‘सेनापती’ ही त्यांची पदवी मुळशीने दिलेली आहे. सैन्य होतं ते इरल्या-घोंगड्यांतलं.

गांधींनी ‘यंग इंडिया’त या शेतकऱ्यांना मनापासून पाठिंबा दिला आणि टाटांना विनंती केली की कायद्याने दिलेल्या हक्कावर अडून न बसता त्यांनी लोकांशी बोलावं, त्यांच्या विचाराने काय ते करावं. देशात गांधींचा शब्द भारी होऊ लागला होता. कंपनीने काम काही महिने स्थगित केलं. मावळ्यांना वाटलं, आपण जिंकलो.

फूट

ही स्थगिती सरकार आणि कंपनी यांच्या पथ्यावर पडली. तेवढ्या काळात संपादनाची कागदपत्रं पुढे सरकली, मोबदल्याची चर्चा सुरू झाली. आणि ज्या फरकाकडे रामनवमीच्या दिवशी कोणी पाहिलं नव्हतं, तो आता उघडा पडला. सावकारांना चांगला भाव दिसला तेव्हा त्यांचा विरोध ओसरू लागला. जमीन देऊ नये असा आग्रह धरणारं कूळ आणि मोबदला वाढवून द्यावा असं म्हणणारा मालक, यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुण्यातल्या काही पुढाऱ्यांचाही सूर बदलला. आता धरण होणारच, तर शेतकऱ्याला जास्तीत जास्त रक्कम मिळवून देणं हेच शहाणपण, असं ते म्हणू लागले.

याच वर्षांत महाराष्ट्रात ब्राह्मणेतर चळवळ जोरात होती. तिच्या पुढाऱ्यांना हा लढा पुण्याच्या ब्राह्मण मंडळींचा आणि त्यांच्या जमिनींचा वाटला. मावळ्यांच्या शेतीवर पाणी येत असताना त्यांचेच जातभाई असलेले पुढारी बहुतेक दूर राहिले. त्यांचा संशय निराधार नव्हता, कारण सावकारांचे हितसंबंध खरोखरच या लढ्यात गुंतलेले होते. पण त्या संशयात खाचर कसणारं कूळ एकटं पडलं. एका बाजूला त्याचा मालक पैसे घेऊन निघून गेला आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या नावाने बोलणारे त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत. मुळशीच्या पराभवातली सगळ्यात दुखरी गोष्ट मला ही वाटते.

येरवडा

१९२१च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झालं आणि सत्याग्रहाचं दुसरं पर्व उघडलं. या वेळी सरकारने सवड दिली नाही. कामाच्या जागी बसलेल्यांना उचलायचं, खटला भरायचा, शिक्षा द्यायची, असा क्रम सुरू झाला. पेट्यातल्या पुरुषांबरोबर बायकाही तुरुंगात गेल्या. महाराष्ट्राच्या इतर भागांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येऊ लागल्या. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी उतारवयात तुरुंगवास पत्करला. शंकरराव देव, भुसावळचे दास्ताने असे असहकारातून घडलेले कार्यकर्ते याच लढ्यात तावून निघाले. बापट एकदा सुटले की पुन्हा खोऱ्यात जायचे आणि पुन्हा पकडले जायचे.

येरवड्याच्या तुरुंगात मुळशीच्या कैद्यांची संख्या वाढली. गांधीही मार्च १९२२ पासून तिथेच शिक्षा भोगत होते. नेमून दिलेलं काम पुरं केलं नाही म्हणून मुळशीच्या काही कैद्यांना फटके मारण्यात आले. राजकीय कैद्याला टिकटीला बांधून फटके मारायचे, ही बातमी तुरुंगाच्या भिंतींआड पसरली आणि दास्ताने आणि देव यांनी अन्न सोडलं. गांधींना हे कळलं तेव्हा त्यांनी अधीक्षकाला लिहून या दोघांना भेटण्याची परवानगी मागितली. परवानगी सहज मिळाली नाही. शेवटी भेट झाली. सत्याग्रह्याने तुरुंगाची न्याय्य शिस्त पाळली पाहिजे, अशी गांधींची भूमिका होती. त्यांनी दोघांना समजावलं आणि उपास सुटला. अधिकाऱ्यांवर हल्ला करण्यासारखे गंभीर प्रकार सोडले, तर सरकारच्या मंजुरीशिवाय फटक्यांची शिक्षा देऊ नये, असा आदेशही त्यानंतर निघाला. १९२४ साली सुटल्यावर गांधींनी आपल्या तुरुंगातल्या अनुभवांत हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे.

तोवर खोऱ्यात भिंत वर येत होती. बाहेरून मजुरांचे तांडे आणले गेले होते. दगड, चुना, यंत्रं वाहायला रूळ टाकले होते. देशपातळीवरचा असहकार चौरीचौऱ्याच्या हिंसाचारानंतर फेब्रुवारी १९२२ मध्येच थांबला होता. पुढारी आणि वर्तमानपत्रं दुसऱ्या प्रश्नांकडे वळली. शेतकरी एकेक करून मोबदला घेऊ लागले, कारण न घेतला तरी जमीन जाणारच होती.

सेनापतींची शेवटची चढाई

शांततेच्या मार्गाने आता काही उरलं नाही, असं बापटांच्या मनाने घेतलं. १९२४ साली मोजक्या साथीदारांना घेऊन त्यांनी धरणाच्या कामावर जाणाऱ्या गाडीची वाट दगड रचून अडवली आणि शस्त्र हातात घेऊन ते रुळांवर उभे राहिले. धरण एका गाडीने थांबणार नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं मानणं त्यांच्या बुद्धीवर अन्याय करणारं होईल. ज्या लोकांना त्यांनी शपथ दिली होती, त्यांच्यासमोर ती शेवटपर्यंत पाळायची, एवढाच त्या कृतीचा अर्थ होता. सात वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात काढली आणि १९३१ साली ते सुटले.

त्यांच्या या कृतीवर तेव्हाही मतभेद होते. अहिंसेचं बंधन मोडून त्यांनी लढ्याचं नुकसान केलं, असं काहींचं म्हणणं होतं. पण १९२४ साली नुकसान व्हायला लढा उरला नव्हता. उरली होती ती काही कुटुंबं आणि त्यांच्यासोबत राहिलेला हा एक माणूस.

पाणी चढलं

१९२७ साली भिऱ्याच्या वीजघरातून वीज सुरू झाली. दगडी बांधकामाची मुळशीची भिंत जवळजवळ ४९ मीटर उंच आणि दीड किलोमीटर लांब आहे. तिच्यामागे साडेअठरा टीएमसीच्या आसपास पाणी साठतं. त्या पाण्याने मुंबईच्या उद्योगांना बळ दिलं, हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. मुंबईतला कामगार, लोकलमधला प्रवासी, घरातला दिवा, सगळ्यांचं या खोऱ्याशी नातं आहे. ज्यांनी त्याची किंमत मोजली त्यांना मात्र फार काळ ना वीज मिळाली, ना पाणी.

कोणी मोबदला घेऊन देशावर गेलं, कोणी पुण्या-मुंबईत हमाली आणि गिरणीकामाला लागलं. बरेच जण पाणी जसं चढलं तसे डोंगरउतारावर सरकले आणि तलावाच्या काठाने पुन्हा वस्ती करून राहिले. खालची खाचरं गेली होती, वरचं वरकस तेवढं उरलं. पायी जाण्याच्या जुन्या वाटा बुडाल्या, शेजारचं गाव पाण्यापलीकडे गेलं. काठावरच्या जमिनींचा ताबा, त्यांवर घर बांधण्याचा हक्क, पिण्याच्या पाण्याची योजना, हे प्रश्न त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या वाट्यालाही आले.

नदीचंही तसंच झालं. धरणाखाली, पौडच्या बाजूला मुळा वाहते ती धरणाखालच्या ओढ्यांवर आणि पावसाळ्यातल्या विसर्गावर. पलीकडे कोकणात भिऱ्याहून रोज सोडलेल्या पाण्याने कुंडलिका भर उन्हाळ्यातही भरलेली असते. कोलाडला होड्यांतून उसळत्या पाण्यावर मौज करायला लोक जातात ते याच पाण्यावर, आणि रोह्याचे कारखानेही त्याच्याच भरवशावर चालतात. कृष्णेच्या पाण्याचा तंटा बच्छावत लवादापुढे गेला तेव्हा टाटांच्या सगळ्या घाटमाथ्यावरच्या प्रकल्पांनी मिळून वर्षाला ४२.६ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवण्याची वहिवाट लवादाने मान्य केली. पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात, सोलापूरपर्यंत दुष्काळ पडला की हे पाणी पुन्हा पूर्वेला सोडा, अशी मागणी दरवेळी उठते. म्हणजे १९१९ साली कंपनी आणि सरकार यांनी आपसांत ठरवलेल्या गोष्टीचा हिशोब आज भीमाकाठचा शेतकरीही मागतो आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांप्रमाणेच तेव्हा त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

तीस वर्षं उशिरा

मुळशीची ओळख धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा अशी करून दिली जाते. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात ती तशीच मांडली आहे आणि मावळे, सावकार, पुढारी यांच्यातले ताणही त्यांनी बारकाईने दाखवले आहेत. पहिलेपणाचा मान या खोऱ्याला जरूर मिळावा. पण त्या मानाखाली त्याच्या पराभवाचं कारण झाकलं जाऊ नये.

ते कारण तारखांत स्पष्ट दिसतं. १९४८ साली मुंबई कुळवहिवाट आणि शेतजमीन कायदा झाला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसत असलेलं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. मुळेच्या खालच्या खोऱ्यात, मुठेच्या, पवनेच्या काठी अनेक मावळ्यांची नावं त्यामुळे सातबाऱ्यावर चढली. मुळशीच्या कुळांची खाचरं तोवर तीस वर्षं पाण्याखाली होती. त्यांचा मोबदला त्यांच्या सावकारांनी १९२०च्या दशकातच उचलला होता. कुळकायदा आधी आला असता आणि धरण नंतर, तर रामनवमीला पायाच्या खड्ड्यात बसलेली माणसं मालक म्हणून बसली असती. त्यांच्या वतीने दुसरा कोणी सौदा करू शकला नसता.

मुळशीनंतर महाराष्ट्रात शेकडो धरणं झाली. स्वतंत्र देशाच्या सरकारने कोयना बांधलं तेव्हाही १८९४चाच कायदा लागू होता आणि कोयनेच्या विस्थापितांची पिढ्यान्‌पिढ्यांची परवड झाली. धरणग्रस्तांच्या चळवळींच्या रेट्यानंतर १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४चा कायदा गेला तो २०१३ साली संसदेने नवा भूसंपादन कायदा केला तेव्हा. १ जानेवारी २०१४ पासून तो अमलात आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ज्यांची जमीन जाते अशा ८० टक्के कुटुंबांची संमती हवी, आणि पुनर्वसनासाठी जमिनीवर पोट असलेली कुळं आणि मजूर हेही बाधित कुटुंबांत धरले पाहिजेत, या दोन गोष्टी त्या कायद्याने मान्य केल्या. मुळशीच्या शेतकऱ्यांचं १९२१ सालचं मागणं याच दिशेचं, पण याहून पुढचं होतं: आधी आम्हाला विचारा, आणि विचारताना कागदावर नाव नाही म्हणून आम्हाला वगळू नका. या संमतीच्या अटीतून सूट मिळवण्याचे प्रयत्न राज्याराज्यांतून तेव्हापासून होत आले आहेत. म्हणून आज कुठल्याही लहान नदीच्या काठी प्रकल्पाचा नकाशा आला, तर बुडणाऱ्या गावांची यादी वाचून थांबू नये. तिथली जमीन कोण कसतं आणि तिच्या कागदावर कोणाचं नाव आहे, हे आधी विचारावं. मुळशीत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही आणि त्याची किंमत खाचर कसणाऱ्यांनी भरली.